खांद्याएवढं जंगल

रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू होतं. सन 2025. लॉस एंजेलिसच्या दोन टोकांना लागलेल्या आगी नुकत्याच आटोक्यात आल्या होत्या, हिवाळ्यातला पहिला खरा पाऊसही पडून गेला होता, पण शहराचा वास अजून बदलला नव्हता. पडद्यांना, गाडीच्या सीटला, धुऊन वाळत घातलेल्या टॉवेलला, सगळ्याला जळक्या प्लॅस्टिकचा आणि ओल्या राखेचा वास. आलेल्या बायकांत अल्टाडीनाची, आग लागलेल्या त्या उपनगरातली, एक जण होती. तिचं घर गेलं होतं. अंगावरची साडी दुसऱ्या कुणाची तरी होती, ब्लाउज खांद्यावर ढिला होता, आणि ती सगळ्यांशी जरा जास्तच हसून बोलत होती. तिळगुळाची वाटी फिरत होती तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "डोंगरावरची ती सगळी वाळकी झुडपं एकदाची खरवडून का काढत नाहीत गं? काय उपयोगाची आहेत ती? नुसतं जळण." सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या घर गेलेल्या बाईनेही. मावशी मनाने फार मऊ आहेत. आगीच्या आठवड्यात त्यांनी तीन कुटुंबांना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, काळजी होती. मग निघताना वाण मिळालं. या वर्षीचं वाण होतं व्हाइट सेजच्या वाळक्या पानांची जुडी, पांढऱ्या दोऱ्याने घट्ट गुंडाळलेली. "घरात फिरव धूर याचा. आगीनंतर चांगलं असतं, सगळी नकारात्मकता जाते," यजमानीण म्हणाली.

ही जुडी त्याच डोंगरावरची. ज्याला मघाशी जळण म्हटलं गेलं, त्याच रानातली. ते मला तेव्हा कुणाला सांगता आलं नाही, कारण जिचं घर गेलं तिच्यासमोर झुडपांची बाजू घ्यायची नसते. पण ते बोलणं आणि ती जुडी एकाच पिशवीतून घरी आली आणि त्यानंतर कितीतरी दिवस मनात टोचत राहिली.

मी सांता मोनिका डोंगरांच्या पायथ्याशी राहते. आपल्यापैकी बहुतेकांना हा भाग मलिबूच्या देवळामुळे माहीत असतो. हायवे सोडून लास व्हर्जिनेस रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना जे करडं-हिरवं, काटेरी, अंगाला अंग लावून उभं असतं, ते शॅपरल. देवळाकडे जाताना गाडीत लहान मुलं आणि प्रसादाची घाई असते, खिडकीबाहेर बघायला कुणाला सवड नसते, आणि बघितलं तरी भारतातून नवीन आलेला माणूस एकच प्रश्न विचारतो, की जंगल कुठे आहे? मीही विचारला होता. मी विदर्भातली. जंगल म्हणजे साग, मोह, बांबू, वर बघताना मान दुखेल अशी उंची, हे डोक्यात पक्कं. त्यात वर्षाचं चक्रच इथे उलटं. पाऊस नोव्हेंबर ते मार्च, आणि मग सहा-सात महिने आभाळातून थेंब नाही. मे महिन्यात होरपळून जूनमध्ये मातीच्या वासाने वेडं व्हायचं, हे ज्याच्या अंगात मुरलेलं आहे त्याला ऑगस्टात कोरडं आणि जानेवारीत फुलणारं रान समजायला बराच काळ जातो. शरीर जूनमध्ये वाट बघतच राहतं.

हे रान बघायचं असेल तर मान वर करून उपयोग नाही. ते खांद्याएवढं असतं, फार तर डोक्यावर हातभर. त्यात शिरायचं तर वाकावं लागतं. चमीस सगळीकडे, त्याची पानं म्हणजे फांदीला चिकटलेले सुईसारखे बारीक झुबके, उन्हात हात लावला तर बोटांना तेलकट चिकटा. सीअनोथस फेब्रुवारी-मार्चमध्ये निळाजांभळा फुलतो, आणि त्याची फुलं ओल्या तळहातावर चोळली तर खरोखरचा फेस येतो. सुगंधी, मऊ फेस, हात स्वच्छ निघतात. स्क्रब ओकच्या पानांना काटेरी कडा. टोयॉनला थंडीत लाल फळांचे घोस. आणि मॅन्झनीटा. मॅन्झनीटापाशी मी दर वेळी थांबतेच. खोड काळपट लाल, इतकं गुळगुळीत की कुणीतरी रोज तेल लावून पुसत असेल असं वाटावं, आणि उन्हाळ्यात त्याची साल कागदासारखी पातळ होऊन गुंडाळ्या गुंडाळ्यांनी सुटते. आतून पिस्त्याच्या रंगाचं नवं खोड दिसतं. पानं सपाट नाहीत, उभी. माथ्यावरच्या सूर्याला पानाची फक्त धार दिसते, पातं दिसत नाही. पाणी वाचवायची केवढी साधी युक्ती. कडाक्याच्या जानेवारीत त्याला उलट्या मडक्यांसारखी गुलाबी-पांढरी फुलं येतात आणि हमिंगबर्ड त्यांच्यावर तुटून पडतात, कारण तेव्हा दुसरं फारसं काही फुललेलं नसतं.

मोठा मॅन्झनीटा शंभर वर्षांचाही असू शकतो, हे कळलं तेव्हा मी त्याच्या फांदीवरचा हात काढून घेतला होता.

या रानात दिसण्यापेक्षा ऐकू येतं जास्त. रेनटिट नावाचा मूठभर करडा पक्षी आहे. त्याची शीळ आधी सावकाश, मग भराभर, टप्पे खात जमिनीवर स्थिरावणाऱ्या चेंडूच्या आवाजाने येते. वर्षाचे बारा महिने येते. जोडी एकदा जमली की सहसा जन्माची, आणि ती आपला झुडपांचा तुकडा सोडत नाही; मध्ये उघडी जागा आली तर पलीकडे उडून जायलासुद्धा कां कूं करते. या पक्ष्याचे जवळचे नातलग अमेरिकेत कुठेच नाहीत. सगळे आशियात आहेत, पॅरटबिल म्हणतात त्या कुळातले. कुठल्या काळात याचे पूर्वज इकडे आले आणि एवढ्याशा झुडपी पट्ट्यात टिकून राहिले कोण जाणे. मला तो आवाज आला की उगाच बरं वाटतं. एरवी तिथे वुडरॅट असतात, काटक्याकुटक्यांचे कंबरभर उंच ढीग रचून राहणारे उंदीर. एकच ढीग पिढ्यानपिढ्या वापरात असतो, आधीची मेली की पुढची राहायला येते, भर घालते. शिंगवाला सरडा असतो, चपटा, काटेरी, मुंग्या खाणारा. कोल्हा किंवा कुत्रं मागे लागलं तर तो डोळ्यांतून रक्ताची चिळकांडी उडवतो. त्याला इथल्या देशी मुंग्या लागतात. बागांच्या आणि ठिबकच्या ओलाव्याबरोबर आलेल्या अर्जेंटिनी मुंग्यांनी त्या हुसकल्या, तसा सरडाही मागे हटला. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर जे अस्वल आहे ते ग्रिझलीही या झुडपांत राहत असे. 1920 च्या दशकात ते राज्यातून संपलं. झेंडा राहिला.

आणि पहाडी सिंह, म्हणजे प्यूमा. पी-22 असा क्रमांक दिलेल्या प्यूमाची गोष्ट इथल्या शाळेतली पोरंसुद्धा सांगतात. याच डोंगरात जन्मलेला नर, 405 आणि 101 असे दोन अजस्र हायवे ओलांडून शहराच्या पोटातल्या ग्रिफिथ पार्कात पोचला आणि दहा वर्षं एकटा राहिला. डिसेंबर 2022 मध्ये गेला. त्याच वर्षी 101 वर लिबर्टी कॅन्यनपाशी प्राण्यांसाठी पूल बांधायला घेतला. त्या पुलावर लावायची झाडं बाहेरून आणली नाहीत, आसपासच्या डोंगरांतलं बी गोळा करून रोपवाटिकेत वाढवली. कामाला जाताना मी त्याच्या खालून जाते. वर डोंगरातली झुडपं, खाली दहा लेनची वाहतूक.

मावशींच्या "काय उपयोगाची" या प्रश्नाला खरं तर इथे हजारो वर्षं राहिलेले आणि आजही राहणारे लोक उत्तर देऊ शकतात. चुमाश, टोंग्वा, दक्षिणेला कुमेयाय. टोयॉनची फळं भाजून खायची, होलीलीफ चेरीच्या बिया कुटून, कडवटपणा धुऊन शिजवायच्या, ओकच्या फळांचं पीठ पाण्यात पुन्हापुन्हा निथळून त्यातला तुरटपणा काढायचा. युकाच्या पानांतून दोर निघतो, कोवळा दांडा भाजून खातात. सोप प्लँटचा कांदा ठेचून रिठ्यासारखा फेस काढायचा, त्याच कांद्याच्या भोवतीच्या राठ तंतूंचे ब्रश बांधायचे. माझ्या सगळ्यात आवडीची यर्बा सान्ता. पान लांबट, वरून चकचकीत आणि चिकट, गरम दिवशी त्याचा वास वाटेवर आधीच येतो. खोकला, छातीतला कफ, यांवर त्याचा काढा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ती अमेरिकेच्या अधिकृत औषधसूचीतही गेली. इथल्या एका जाणत्या बाईंनी, ज्या आम्हाला वनस्पती दाखवत डोंगर चढवत होत्या, मला एक पान चावायला दिलं. आधी कडू, तोंड वाकडं होईल इतकं. मग थोड्या वेळाने पाणी प्यायले तर पाणी गोड लागलं, आवळा खाल्ल्यावर लागतं तसं. पूर्वी औषधवाले क्विनाइनचा कडूपणा झाकायला हीच वापरत. मला आजी आठवली. अंगणाच्या कुंपणाला अडुळसा होता आणि खोकला झाला की आजी पानं वाफवून, पिळून, मधातून रस द्यायची. कुंपणाचं झुडूप, गाईसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत, ते घरातल्या प्रत्येक लेकराच्या छातीत गेलेलं होतं.

इथल्या बाजारात "शॅपरल टी" नावाची पुडी मिळते, तिच्यापासून मात्र लांब राहिलेलं बरं. ती या डोंगरातली वनस्पतीच नव्हे, वाळवंटातल्या क्रिओसोट झुडपाची पानं असतात, आणि ती पोटात घेतल्याने यकृत बिघडल्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 1992 मध्येच इशारा दिला होता. आणि ती वाणातली व्हाइट सेज. दक्षिण कॅलिफोर्निया आणि त्याला लागून मेक्सिकोतला बाहा, एवढंच तिचं जग. इथले आदिवासी समूह तिला पवित्र मानतात, मागून घेतात, लागेल तेवढीच घेतात, विकत नाहीत. बाजारातली जुडी बहुतांशी रानातून ओरबाडलेली असते. सॅन गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी नॉर्थ एटिवांडा म्हणून राखीव जागा आहे, तिथून रात्री गोण्या भरभरून नेणाऱ्यांना पकडलेलं आहे. योगाच्या दुकानात उदबत्तीशेजारी तीच जुडी ठेवलेली असते. मैत्रिणीने मनापासून दिली होती, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी ती जाळली नाही. कपाटात आहे, उघडलं की वास येतो, कापूर आणि ओली माती यांच्या मधला कुठला तरी.

याच रानात आपलं एक कूळही भेटतं, त्याची मला फार मौज वाटते. पॉयझन ओकच्या तीन तीन पानांना हात लागला तर अंगावर फोड उठतात, आठवडा आठवडा खाज जात नाही. लॉरेल सुमॅकची लालसर देठांची पानं मध्यावर दुमडलेली असतात. लेमोनेडबेरीच्या चिकट फळांना आंबट चव. हे तिघंही आम्रकुळातले. म्हणजे आंबा, काजू, चारोळी आणि बिब्बा यांचे भाऊबंद. बिब्ब्याच्या तेलाने अंग उततं हे विदर्भातल्या कुठल्याही माणसाला सांगावं लागत नाही, आणि कैरीचा चीक ओठाला लागून ज्याला फोड आलेत त्याने पॉयझन ओकपासून जास्तच जपावं.

आता आग.

मावशी म्हणाल्या ते अर्धं खरं आहे. चमीस तेलकट आहे, तो भडकतो. सहा महिने पावसाविना काढल्यावर आणि सांता आना वारा सुटल्यावर इथलं काहीही भडकतं. हा वारा वाळवंटाकडून डोंगर उतरून समुद्राकडे येतो, उतरताना दाबाने तापतो, हवेतला ओलावा जणू नाहीसा होतो, ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला तर वीज चावते. जानेवारी 2025 मध्ये त्याचे झोत ताशी 130 किलोमीटरच्या पुढे गेले होते आणि त्याआधी कित्येक महिने पाऊस जवळजवळ नव्हताच. पॅलिसेड्स आणि ईटन या दोन आगींत मिळून 16 हजारांहून जास्त इमारती गेल्या. 2018 ची वूल्सी आग माझ्या दारापर्यंत आली होती. दिवाळीचा पाडवा होता, दुपारी दूर धूर दिसला, आणि भाऊबीजेच्या पहाटे तिने 101 ओलांडला. फोनवर घर सोडायचा हुकूम आला तेव्हा दारातली रांगोळी तशीच होती. पासपोर्ट, औषधं, आईचं मंगळसूत्र, फराळाचा एक डबा कुणी का घेतला माहीत नाही, आणि आम्ही निघालो. आरशात डोंगर लाल दिसत होता. त्या रात्री मला या झाडोऱ्याविषयी कसलंही प्रेम वाटत नव्हतं. आमचं घर राहिलं. या डोंगरांत नॅशनल पार्क सर्व्हिसची जेवढी जमीन आहे तिच्यातली 88 टक्के त्या आगीत जळली. देवळाजवळचं मलिबू क्रीक पार्कही बहुतेक जळून गेलं.

पार्क पुन्हा उघडल्यावर, 2019 च्या वसंतात, मी तिथे गेले. त्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला होता. काळ्या सांगाड्यांच्या बुडाशी लॉरेल सुमॅक आणि टोयॉनचे लालसर कोंब हातभर आले होते; त्यांच्या बुंध्याशी जमिनीत गाठ असते, वरचं सगळं गेलं तरी ती जिवंत राहते. चमीसचंही तसंच. आणि मधल्या राखेत फुलं. जांभळी फॅसेलिया, निळे लुपिन, केशरी फायर पॉपी, ज्या एरवी दिसतच नाहीत, आणि व्हिस्परिंग बेल्स, फिक्या पिवळ्या घंटांची, जिची फुलं वाळल्यावर वाऱ्याने कागदासारखी सळसळतात. हिचं बी जमिनीत वर्षानुवर्षं, दशकानुदशकं पडून राहतं. पाणी मिळालं तरी उगवत नाही. जॉन कीली आणि सी. जे. फॉदरिंगहॅम या संशोधकांनी 1997 मध्ये दाखवून दिलं की तिला उठवतो तो धूर, आणि धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड. उष्णता लागलीच पाहिजे असं नाही. एका बोटाच्या पेराएवढ्या रोपाला, ज्याची आई कदाचित चाळीस वर्षांपूर्वी मेली असेल, कळतं की डोक्यावरची सावली गेली आहे आणि आता जागा आहे. मी त्या राखेत बसून होते. बुटांचे तळवे काळे झाले होते.

हे पाहिल्यावर माणूस सहज म्हणतो, अरे, म्हणजे या रानाला आग हवीच असते. माझंही तसंच मत व्हायला लागलं होतं. पण हिशेब वर्षांचा आहे. नैसर्गिकपणे इथे आग यायची ती एका जागी तीस ते दीडशे वर्षांतून एकदा. किनाऱ्याजवळच्या या डोंगरांत आग लावणारी वीज क्वचितच पडते. आजच्या जवळजवळ सगळ्या आगी माणसामुळे लागतात: विजेच्या तारा, गाड्या, शेकोट्या, खोडसाळपणा. सन 2003 मध्ये सॅन डिएगोकडच्या सीडर आगीची सुरुवात तर वाट चुकलेल्या एका शिकाऱ्याने मदतीसाठी केलेल्या धुराने झाली. 2 लाख 70 हजारांहून जास्त एकर, 15 माणसं. मलिबूतले काही उतार इतक्या कमी अंतराने जळतात की तिथे काही वाढून मोठं व्हायला वेळच मिळत नाही. बिगबेरी मॅन्झनीटा आणि काही सीअनोथस यांना बुंध्याची गाठ नसते. आगीत ते मरतात, फक्त मातीतलं बी मागे राहतं. तो साठा व्हायला पंधरा-वीस वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. त्याआधी दुसरी आग आली की बी नाही, झाड नाही, काही नाही. स्क्रब ओक आणि टोयॉन यांचं गणित तर आणखी वेगळं. त्यांचं बी आगीत मरतं, त्यांची नवी रोपं उगवतात ती फार वर्षं न जळलेल्या रानाच्या दाट सावलीत, पाचोळ्यात. म्हणजे म्हाताऱ्या शॅपरलला, ज्याला लोक साचलेलं जळण म्हणतात, त्याच्या पोटात तेव्हाच पुढची पिढी जन्मत असते.

आणि जिथे झुडपं गेली तिथे येतं काय? गवत. ब्रोम, जंगली ओट, युरोपातून आलेली वर्षायू गवतं, जी मे-जूनपर्यंत वाळून कोरडीठाक होतात आणि एका ठिणगीवर पेटतात. आणि मोहरी. काळी मोहरी, माणसाच्या डोक्यावर जाणारी. आपल्या फोडणीतल्या राईच्या दोन जन्मदात्यांपैकी ही एक. वसंतात अख्खे उतार पिवळेधमक होतात, लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, मीही पहिल्या वर्षी काढून आईला पाठवले होते आणि आई खूश झाली होती, "अगदी आपल्याकडच्यासारखं." जूनमध्ये तोच उतार वाळक्या काड्यांचा ढीग असतो. डोंगर खरवडला तर तो बोडका राहत नाही, त्यावर हे येतं. झुडपापेक्षा लवकर पेटणारं, जास्त वेळा पेटणारं. त्याची मुळं उथळ, झुडपांची खोल. 2017 च्या डिसेंबरात थॉमस आगीने माँटेसिटोच्या वरचे उतार साफ केले, आणि 9 जानेवारी 2018 च्या पहाटे जोराचा पाऊस त्या उघड्या मातीवर पडला. चिखल, धोंडे, झाडं घेऊन तो ओढ्यांतून वस्तीत उतरला. 23 माणसं गेली. डोंगर धरून ठेवायलाही कुणीतरी लागतं, हे मावशींना मी सांगितलं असतं.

जुन्या लोकांनी इथे आग लावलीच नाही असंही नाही. 1542 मध्ये स्पेनसाठी निघालेल्या काब्रियो या दर्यावर्द्याच्या जहाजावरून आजच्या लॉस एंजेलिसजवळच्या उपसागरावर इतका धूर दिसला की त्यांनी त्याची नोंद धुराचा उपसागर अशीच केली. गवताळ जागा राखायला, चियाच्या बिया मिळाव्यात म्हणून, हे लोक विचार करून, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी जाळत. 1793 मध्ये स्पॅनिश गव्हर्नर अरियागाने त्यावर बंदी घातली. बंदीने आगी थांबल्या नाहीत. आग कुठे, केव्हा आणि किती लावायची हे ज्यांना कळत होतं त्यांना फक्त गप्प बसवलं गेलं. आमच्याकडे मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात आणि कधी तो आवरत नाही, वणवा होतो. आजोबा अशा वेळी रात्रभर ओल्या फांद्या घेऊन वणवा झोडपायला जायचे. तिथलं रान निराळं, पाऊस निराळा, त्यामुळे तिथला धडा इथे चालत नाही. पण वणवा झोडपून आलेल्या माणसाच्या कपड्यांचा वास तोच.

विदर्भाचं आणखी एक सांगायचं आहे. आमच्या गावाबाहेर सातबाऱ्यावर "झुडपी जंगल" लिहिलेली जमीन होती. बोरं, करवंदं, धायटी, खुरटा पळस, टेंभरं. आम्ही तिथे दुपारभर असायचो, ससे उठायचे, तितर ओरडायचे. घरातली मोठी माणसं तिला पडीक म्हणत. कुणी तिथे मुरूम खणला, कुणी शाळा बांधली, कुणी प्लॉट पाडले. ही जमीन जंगल की नुसती पडीक यावर इतकी दशकं वाद चालला. शेवटी मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने विदर्भातली ही सुमारे 86 हजार हेक्टर झुडपी जमीन वनच आहे असं म्हटलं. ती बातमी मी इथे बसून वाचली, आणि हळदीकुंकवातलं ते "नुसतं जळण" पुन्हा आठवलं. उंच झाडं असली की जंगल, छातीएवढी असली की कचरा, ही नजर मी गावातूनच घेऊन आले होते. मावशींनाही ती तिथूनच मिळाली असणार.

भीती मात्र खरी आहे, आणि ती मी कुणालाही सोडून द्यायला सांगणार नाही. सप्टेंबर उलटला की मी वाऱ्याचा अंदाज दिवसातून अनेकदा बघते. घर वाचवायचं काम मुख्यतः घरापाशीच असतं, हे मला आगीनंतर जळक्या गल्ल्या पाहून पटलं. अल्टाडीनात घर भुईसपाट आणि शेजारचं झाड हिरवं, असं कितीतरी ठिकाणी होतं. ज्वाळांच्या भिंतीपेक्षा वाऱ्यावर मैलभर उडत आलेल्या निखाऱ्यांनी घरं पेटली. छताखालच्या झरोक्यातून आत शिरले, पन्हळीतल्या पाचोळ्यात पडले, मग एका घराने दुसरं पेटवलं. कॅलिफोर्नियाचा कायदा घराभोवती शंभर फुटांपर्यंत झाडोरा विरळ ठेवायला सांगतो. तेवढा ठेवावाच. आम्ही झरोक्यांना बारीक धातूची जाळी लावली, भिंतीलगतचं जुनिपर मुळासकट काढलं, लाकडी कुंपणाचा घराला टेकलेला भाग तोडून लोखंडी केला. शंभर फुटांपलीकडचा डोंगर खरवडून त्या निखाऱ्यांचं काही होत नाही.

हळदीकुंकवातल्या त्या अल्टाडीनाच्या मैत्रिणीचा गेल्या उन्हाळ्यात फोन आला. नवीन घराचे नकाशे मंजुरीला गेले होते. तिने विचारलं, अंगणात काय लावू? मला वाटलं ती सिमेंट घाल म्हणेल, नाहीतर कॅक्टस विचारेल. तिला टोयॉन हवा होता, कारण जुन्या घराच्या मागच्या कुंपणाला एक होता आणि डिसेंबरात त्यावर सीडर वॅक्सविंग पक्षी उतरायचे, फळं संपवून एका दिवसात निघून जायचे. तो बुंध्यातून पुन्हा फुटला होता. आम्ही फोनवर बराच वेळ बोललो. कुठे, किती लांब, खालच्या फांद्या कशा काढायच्या, पहिली दोन वर्षं पाणी किती. मध्येच ती गप्प झाली, मग म्हणाली, "जवळ नको लावू म्हणतेस, पण खिडकीतून दिसेल ना?" दिसेल, मी म्हणाले. तीस फुटांवरून टोयॉन चांगला दिसतो.

फेब्रुवारीत आमच्या इथल्या डोंगरावर शनिवारी सकाळी मोहरी उपटायला लोक जमतात. आता मीही जाते, आणि मावशींनाही एकदा घेऊन गेले. माती ओली असतानाच जावं लागतं, तेव्हाच मूळ अख्खं येतं. मार्च सरला की नुसता शेंडा हातात राहतो आणि खालून पुन्हा फुटतं. मावशींनी उपटलेल्या कोवळ्या पानांची भाजी करावी का विचारलं, रस्त्यालगतची आहेत म्हणून नको म्हटलं. रिकाम्या झालेल्या जागेत आम्ही बोटभर उंचीची सीअनोथसची आणि बिगबेरी मॅन्झनीटाची रोपं लावली, भोवती सशांसाठी जाळी, उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा पाणी पाठीवरून वाहून न्यायचं. यातली निम्मी पहिल्या ऑगस्टात मरतात. जी राहतात त्यांना फूल यायला काही वर्षं, मातीत पुरेसं बी पडायला आणखी पंधरा. मावशींनी हिशेब केला आणि विचारलं, "मध्ये आग लागली तर?" तर पुन्हा लावायची, तिथल्या कार्यकर्त्या मुलीने सांगितलं, आणि पुढच्या शनिवारची यादी फिरवली. मावशींनी नाव लिहिलं.